दादाला नर्सिंग होममधून बाहेर आणायचंय पण तो 'नको' म्हणतो

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. माझा मोठा भाऊ ४९ वर्षांचा आहे. कॉलेजात असताना स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डरचं निदान झालं, म्हणजे भास-भ्रम आणि मूडचे चढउतार दोन्ही असलेला मानसिक आजार. आम्ही शिकागोजवळ, कुक काउंटीत. चार वर्षांपूर्वी त्याच्या पायाला जखम झाली, डायबेटिस होताच, जखम चिघळली, हॉस्पिटलमध्ये दहा दिवस काढले आणि तिथून "जखम भरेपर्यंत महिनाभर" म्हणून नर्सिंग होमला पाठवलं. जखम अडीच महिन्यांत भरली. दादा अजून तिथेच आहे.

त्याच वर्षी बाबा गेले. आईने भाड्याचं घर सोडलं आणि माझ्याकडे आली, म्हणजे दादाला परत जायला जागाच उरली नाही. तेव्हा वाटलं, निदान गोळ्या वेळेवर मिळतात, रात्री कुणीतरी असतं. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, ते आता टोचतं.

तिथे आजूबाजूला बहुतेक सगळे ऐंशीच्या पुढचे. एका खोलीत तिघं, मध्ये पडदे. सिगरेट ठरलेल्या चार वेळांनाच, जेवण पाच वाजता, आणि नंतर टीव्ही. मागच्या महिन्यात केअर प्लॅनच्या मीटिंगला गेले होते. सोशल वर्करने फॉर्म वाचता वाचता विचारलं, बाहेर राहायला जाण्याबद्दल कुणाशी बोलायचंय का? दादा म्हणाला नको. तिने टिक केली आणि पुढचा प्रश्न. अर्धं मिनिटसुद्धा नाही. गाडीत येऊन बसले आणि रडू आवरेना.

माझा प्रश्न एवढाच आहे की तो स्वतः नको म्हणतोय तर मी मागे लागणं बरोबर आहे का? की हे माझ्या अपराधीपणापोटी चाललंय?

पाऊलवाट

रानजाई, बरं केलंत लिहिलंत. मी टेक्सासमध्ये गेली नऊ वर्षं हेच काम करते, नर्सिंग होममधून लोकांना स्वतःच्या घरी न्यायचं. नऊ वर्षांत पहिल्याच भेटीत आनंदाने "हो" म्हणणारे फार थोडे भेटले.

तो फॉर्म म्हणजे एमडीएस, नर्सिंग होमने प्रत्येकाचं ठरावीक काळाने करायचं मूल्यमापन, त्यातला सेक्शन क्यू. २०१० पासून हा प्रश्न थेट राहणाऱ्या माणसालाच विचारायचा असा नियम आहे. "हो" आलं तर नर्सिंग होमला बाहेरच्या ठरलेल्या एजन्सीला कळवावंच लागतं. पण "नको" आलं की विषय तिथेच संपतो, आणि शिवाय दर वेळी विचारू नका असाही एक पर्याय तिथे असतो, तो टिक झाला की मग वर्षातून एकदाच. दादांच्या फॉर्मवर तो टिक झालाय का ते आधी बघा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कायद्याने त्यांच्या "नको"ला किंमत आहे आणि असायलाच हवी. १९९९ साली सुप्रीम कोर्टाने ओल्मस्टेड खटल्यात जो निकाल दिला त्यात राज्याने माणसाला संस्थेबाहेर राहायची सोय कधी करून द्यायलाच हवी याच्या तीन अटी आहेत, उपचार करणाऱ्यांना माणूस बाहेर राहू शकेल असं वाटलं पाहिजे, त्या माणसाचा विरोध नसला पाहिजे, आणि राज्याला ते हाताशी असलेल्या साधनांत आणि बाकीच्यांच्या गरजा सांभाळून वाजवीपणे जमलं पाहिजे. ज्यांचा तो खटला होता त्या जॉर्जियातल्या दोघी, लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन, डॉक्टर हो म्हणत असूनही हॉस्पिटलमध्येच अडकून होत्या. तसंच दादांना त्यांच्या मनाविरुद्ध बाहेर काढणं हाही अन्यायच. पण दादा नको कशाला म्हणाले? चार वर्षांत त्यांनी बाहेरचं एकही घर पाहिलेलं नाही, भाडं कोण भरणार माहीत नाही, गोळ्या कोण देणार माहीत नाही. जी गोष्ट माणसाने पाहिलीच नाही तिला दिलेला नकार हा नकार म्हणून मी धरत नाही, ती भीती असते. घर दाखवा, बाहेर पडलेल्या माणसाशी बोलू द्या, पुन्हा विचारा. त्यानंतरही नको म्हणाले तर ते त्यांचं "नको", आणि मग आपण गप्प बसायचं.

आणि तुम्ही कुक काउंटीत आहात, म्हणजे तुमच्याकडे कोल्बर्ट डिक्री आहे, कोर्टाने मंजूर केलेली, राज्याला बांधणारी तडजोड. २००७ ची केस, २०११ मध्ये तडजोड झाली, कुक काउंटीतल्या नर्सिंग होममधल्या मेडिकेडवरच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा) अपंग व्यक्तींसाठी, त्यात मानसिक आजार असलेलेही आले. मूल्यमापन, घर शोधणं, भाड्यात मदत हे सगळं त्यात बसतं. नर्सिंग होमने सांगण्याची वाट बघू नका, स्वतः फोन करून रेफरल मागा.

सांजवारा

पहिल्यांदाच लिहितोय इथे, वाचत बरेच वर्षं आहे.

मी स्वतः सहा वर्षं नर्सिंग होममध्ये होतो. स्किझोफ्रेनिया आहे. बाहेर येऊन आता आठ वर्षं होतील. मी तीनदा नको म्हणालो होतो.

का म्हणालो ते सांगतो कारण ते कुणी विचारलंच नाही कधी. एक म्हणजे मला वाटायचं ही परीक्षा आहे, हो म्हणालो आणि जमलं नाही तर हा बेडही जाईल आणि मग रस्ता. माझ्या बाजूचा एक जण गेला होता आणि दोन महिन्यांत परत आला, तो परत आला तेव्हा स्टाफपैकी कुणीतरी म्हणालं आम्हाला माहीतच होतं. ते वाक्य मी विसरलो नाही. दुसरं म्हणजे सहा वर्षांत मी काहीच ठरवलं नव्हतं, आंघोळ कधी, झोपायचं कधी, काय खायचं, सगळं दुसरं कुणीतरी ठरवायचं, मग एकदम येऊन कुणी विचारतं की कुठे राहायचंय, तर तोंडातून नकोच येतं कारण ते सगळ्यात सोपं असतं.

चौथ्या वेळी जो आला तो स्वतः पूर्वी अशाच ठिकाणी राहिलेला होता, पीअर स्पेशालिस्ट म्हणतात. त्याने काहीच विचारलं नाही. कॉफी घेऊन आला, बसला, खिशातली किल्ली टेबलावर ठेवली. मी किल्लीकडे बघत होतो. सहा वर्षं माझ्याकडे एकही किल्ली नव्हती. असा तो पाच सहा वेळा आला असेल, मग मीच विचारलं तुझं घर बघता येईल का.

पहिल्या रात्री झोप आली नाही, कारण रात्री दर दोन तासांनी दार उघडून बघणारं कुणी नव्हतं. हे पण सांगून ठेवा दादाला, की असं होतं आणि जातं.

खडीसाखर

सांजवारा, तुमचं वाचून हात थांबले माझे. मी अशाच एका ठिकाणी नर्स आहे, रात्रपाळीची. दर दोन तासांनी दार उघडणारी मीच.

आम्ही मुद्दाम कुणाला अडकवून ठेवत नाही हो. पण एका हॉलमध्ये तीस माणसं आणि मी असते, कुणाला गोळ्या स्वतः घ्यायला शिकवायला वेळ कुठून आणू. मी कपात घालून हातात देते, ते गिळतात, पुढची खोली. चार वर्षं असं झालं की कुठली गोळी कशाची तेही माणूस विसरतो, आणि मग आम्हीच चार्टवर लिहितो की यांना औषधं सांभाळता येत नाहीत. हे चुकीचं आहे हे मला कळतं.

रानजाईताई, दोन गोष्टी मागा. पहिली, त्याची पासार तपासणी. १९८७ च्या कायद्याने गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाला नर्सिंग होममध्ये घेण्याआधी लेव्हल वन आणि गरज पडली तर लेव्हल टू तपासणी व्हायला हवी, खरंच नर्सिंगची गरज आहे का आणि मानसिक उपचार कुठले हवेत हे त्यात ठरतं. पण हॉस्पिटलमधून थेट आलेला आणि डॉक्टरने तीस दिवसांच्या आत जाईल असं लिहून दिलेला माणूस त्यातून सुटतो. दादा नेमके तसेच आलेले दिसतायत. तीस दिवसांहून जास्त राहिले की तपासणी करणं भाग असतं, ती झाली का, कॉपी दाखवा म्हणा. दुसरी, केअर प्लॅनमध्ये स्वतःची औषधं स्वतः घेण्याचं मूल्यमापन लिहून घ्या. टीमने सुरक्षित ठरवलं तर तो त्याचा हक्क आहे. तिथे असतानाच सराव होऊ दे, एका गोळीपासून सुरू करा.

दीपमाळ

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

माझा मुलगा पाच वर्षांपूर्वी असाच बाहेर आला. सगळे खूश होते. पहिली केस मॅनेजर फार चांगली होती, तिने तीन महिन्यांत नोकरी सोडली. दुसरी महिन्यातून एकदा यायची. तिसरी कोण ते आम्हाला फोन करून विचारावं लागलं. पाचव्या महिन्यात मुलाने इंजेक्शन चुकवलं, शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं, मी तीन तास गाडी चालवत गेले. कम्युनिटी कम्युनिटी म्हणतात ती कम्युनिटी म्हणजे शेवटी मी एकटी, वय ७१. नर्सिंग होममध्ये तो सुखी नव्हता हे मला मान्य आहे, पण मला रात्री झोप लागायची. बाहेर काढायला माणसं पुढे येतात, नंतर कोण असतं ते लिहा.

पाऊलवाट

दीपमाळताई, राग कसला, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही जे भोगलंत ते या देशाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. १९५५ मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. १९६३ मध्ये केनेडींनी कम्युनिटी मेंटल हेल्थचा कायदा केला, रुग्णालयं रिकामी होत गेली, पण जी केंद्रं उभी राहायची होती त्यातली पुष्कळशी उभी राहिलीच नाहीत. त्यात १९६५ ला मेडिकेड आलं. सोळापेक्षा जास्त बेडच्या मानसिक आजाराच्या संस्थेत एकवीस ते चौसष्ट वयाच्या माणसासाठी मेडिकेडचे फेडरल पैसे सहसा मिळत नाहीत, नर्सिंग होमसाठी मिळतात. मग राज्यांनी काय केलं ते दिसतंच आहे, माणसं एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेली. दादांसारख्या पन्नाशीच्या आतल्या माणसाने ऐंशी वर्षांच्या आजींच्या शेजारी बसून पाच वाजता जेवायचं याला वैद्यकीय कारण काहीच नाही, पैशाची वाट तशी आहे म्हणून.

म्हणून "नंतर कोण" हे घराच्या आधी ठरलं पाहिजे, यात मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. महिन्यातून एकदा येणारी केस मॅनेजर या आजाराला पुरत नाही. अॅक्ट टीम मागायची, ही पद्धत १९७० च्या दशकात विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला सुरू झाली, त्यात डॉक्टर, नर्स, नोकरीचं बघणारा, पीअर असे सगळे एका टीममध्ये असतात, साधारण दहा जणांमागे एक कर्मचारी, आणि तेच घरी येतात, आपण जायचं नाही. एक जण सोडून गेला तरी बाकीचे माणसाला ओळखत असतात. आणखी एक, ज्या राज्यांत मनी फॉलोज द पर्सन हा नर्सिंग होममधून घरी नेण्याचा मेडिकेडचा कार्यक्रम आहे तिथे घरी गेल्यावर ३६५ दिवस फेडरल सरकार राज्याला जास्त वाटा देतं, ते दिवस संपले की त्याच सेवा नेहमीच्या मेडिकेडवर चालू राहणार ना हे बाहेर पडायच्या आधी लेखी घ्या. ३६६ व्या दिवशी काय, हा प्रश्न मी प्रत्येक मीटिंगमध्ये विचारते.

गुलबक्षी

मी फार्मासिस्ट आहे, फक्त औषधांपुरतं बोलते. रानजाई, दादा क्लोझापिनवर आहेत का, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या आजारावरच्या त्या गोळीवर? असतील तर सिगरेटकडे नीट लक्ष द्या, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हरमध्ये क्लोझापिन लवकर मोडलं जातं. निकोटिनमुळे नाही, धुरामुळे. तिथे दिवसाला चार सिगरेटवर बसवलेला डोस घेऊन माणूस घरी आला आणि दिवसाला पाकीट ओढायला लागला तर गोळ्या सगळ्या वेळेवर घेऊनही रक्तातली पातळी खाली येते, कानात ऐकू येणारे आवाज परत सुरू होतात आणि घरचे म्हणतात गोळ्या चुकवल्या असतील. उलट, घरी येऊन सिगरेट सोडली तर पातळी चढते, झोप, चक्कर, फिट येण्याचा धोका. तेव्हा बाहेर आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातली पातळी तपासा असं सायकायट्रिस्टला आधीच सांगा, डोस आपल्या मनाने बदलू नका.

आणि घरी निघताना गोळ्या किती दिवसांच्या देतायत ते विचारा. पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आणि हातात सात दिवसांच्या गोळ्या, असं नेहमी होतं.

रानजाई

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. क्लोझापिनच आहे. आणि हो, "दर वेळी विचारू नका" हे टिक केलेलं होतं. कुणी केलं, कधी केलं, कुणालाच सांगता येईना. ते बदलून घेतलं. पासारची लेव्हल टू झालेलीच नव्हती.

सांजवारा, तुमची पोस्ट मी दादाला वाचून दाखवली. चालेल ना? तो काही बोलला नाही. नंतर मी निघताना म्हणाला, "त्याला किल्ली कुणी दिली?"

सांजवारा

चालेल. त्याला सांगा घरमालकाने दिली, लीजवर माझी सही आहे म्हणून.

रानजाई

दोन महिन्यांनी लिहितेय. रेफरल झालं, मूल्यमापन झालं, पीअर स्पेशालिस्ट दर आठवड्याला येतो. मागच्या शुक्रवारी आम्ही एक वन बेडरूम पाहिलं. दादा आत येऊन खिडकीपाशी उभा राहिला, मग फ्रिज उघडून बघितला, रिकामाच होता, विचारलं हा किती जणांचा. म्हटलं तुझ्या एकट्याचा. परत येताना गाडीत म्हणाला बघू.

बघू! चार वर्षांत पहिल्यांदा.

आता कागदपत्रांत अडकलोय. स्टेट आयडी तीन वर्षांपूर्वी संपलेला, सोशल सिक्युरिटी कार्ड कुठेच नाही, जन्म भारतातला म्हणजे जन्माचा दाखला तिकडचा. शेवटी आईच्या बॅगेत त्याचा जुना अमेरिकन पासपोर्ट निघाला, त्यावरून सुरुवात केली. ज्यांचे कुणी असे आत आहेत त्यांनी कृपा करून आजच आयडीची तारीख बघा, घर मिळतं आणि आयडीपायी हातचं जातं.

पाऊलवाट

"बघू" म्हणजे फार आहे हो.

पैशाचं आत्ताच बघून ठेवा. नर्सिंग होममध्ये मेडिकेडवर असताना फेडरल एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नाच्या अपंगांना मिळणारा सरकारी भत्ता, महिन्याला ३० डॉलरवर येतो, काही राज्यं वर थोडी भर घालतात. घरी आल्यावर पूर्ण रक्कम परत सुरू व्हायला हवी, २०२५ साली ती ९६७ डॉलर होती, भाड्याच्या सबसिडीत आपल्या उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के भरायचे असतात. पण सोशल सिक्युरिटी ऑफिसला डिस्चार्जची तारीख कळवल्याशिवाय आपोआप काही होत नाही. आणि बऱ्याचदा नर्सिंग होमच त्यांचा पेयी, म्हणजे त्यांच्या वतीने पैसे घेणारा, असतो, चेक तिकडेच जात राहतो. ते बदलायला अर्ज करा, दादा स्वतः सांभाळू शकतील असं डॉक्टरांना वाटत असेल तर त्यांच्याच नावावर.

दुसरं, घर लावतानाचं. सॅन अँटोनियोमध्ये डॉन वेलिगन यांच्या टीमने एक पद्धत तयार केली, कॉग्निटिव्ह अॅडॅप्टेशन ट्रेनिंग, २००८ पासून तिकडे नर्सिंग होममधून बाहेर येणाऱ्यांसाठी वापरली गेली. माणसाला बदलायचं नाही, घर बदलायचं. काही लोकांना सुरुवातच करता येत नाही, नुसते बसून राहतात, त्यांना इशारे लागतात, अलार्म, डोळ्यांसमोर बोर्ड, कपडे वारानुसार लावलेले. काहींचं उलटं असतं, समोर दिसेल त्यात हात घालतात, तीन कामं अर्धी सोडतात, त्यांच्यासमोरून पसारा काढायचा, आजची एकच गोळी समोर, बाकीच्या आत. दोघांना एकच उपाय लावला की फसतो. दादा कुठल्या प्रकारचे ते तुम्हाला माहीत असेल.

रानजाई

बसून राहणारा. शंभर टक्के.

दीपमाळ

रानजाई, वाचतेय मी रोज. अॅक्ट टीम लागली का ते सांग. तुझ्यासाठी नाही, माझ्या मुलासाठी विचारतेय. त्याला अजून केस मॅनेजरच आहे, इतकी वर्षं मला दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं.

रानजाई

दीपमाळताई, लागली. फोन करताना नेमके ते दोन शब्द वापरले, अॅक्ट टीम, तेव्हाच हललं. त्याआधी महिनाभर नुसतं "केस मॅनेजमेंट होईल" चाललं होतं.

रानजाई

सात महिने झाले हा धागा काढून. दादा पाच आठवड्यांपूर्वी घरी गेला. स्वतःच्या. चांगलं आणि वाईट दोन्ही लिहिते, दीपमाळताईंनी सांगितलं होतं नंतरचं लिहा म्हणून.

पहिले दहा दिवस बरे गेले. दाराला आतून मोठी पाटी, किल्ली, फोन, गोळी. बाथरूममध्ये जमिनीलगत आरसा, रोज तळपाय बघायला, कारण हे सगळं सुरू झालं ते पायापासून. नऊ वाजता अलार्म, गोळ्यांचा डबा कॉफीच्या मगापाशीच.

तिसऱ्या आठवड्यात त्याने टीमला दार उघडणं बंद केलं. सलग चार दिवस. फोन उचलेना. मी दाराबाहेरून हाका मारतेय, आतून टीव्हीचा आवाज, आणि माझ्या मनात एकच, आपण चूक केली, परत नेऊया. खरंच फोन काढला होता नर्सिंग होमला लावायला. टीमची नर्स म्हणाली थांबा, टीव्ही चालू आहे, दारातून का होईना उत्तर देतोय, जिवाला धोका दिसला तर वेगळं. पीअर येऊन दाराबाहेर जमिनीवर बसला. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशीही. दुसऱ्या दिवशी दादाने आतून विचारलं, "परत न्यायला आलात का?" तो म्हणाला, "हे तुझं घर आहे, तू उघडल्याशिवाय मी आत येऊ शकत नाही." थोड्या वेळाने दार उघडलं.

रक्त तपासलं, क्लोझापिनची पातळी बरीच खाली आली होती. सिगरेट. गुलबक्षी, तुम्ही सांगितलं नसतंत तर मी त्याला गोळ्या चुकवल्या म्हणून बोलले असते. डॉक्टरांनी डोस बदलला, आता बरा आहे, आवाज आहेत पण लांब आहेत म्हणतो.

खडीसाखर

आमच्याकडे मागच्या महिन्यात एका आजोबांना एक गोळी स्वतः घ्यायला सुरू केली, सकाळची. सोशल वर्करच्या मागे लागून केअर प्लॅनमध्ये घालून घेतलं. अजून एकदाही चुकली नाही.

सांजवारा

झोप लागते का त्याला आता?

रानजाई

सांजवारा, विचारलं मी. म्हणाला दोनला जाग येते, उठून दार लागलंय ना बघतो आणि परत झोपतो.

आईला पहिल्यांदा घेऊन गेले रविवारी. त्याने चहा केला, साखर विसरला, आईने तसाच प्यायला. मी म्हटलं बुधवारी ऑफिसनंतर येते, तर म्हणाला बुधवारी नको, बुधवारी त्याचा ग्रुप असतो. गुरुवारी जाणार आहे.